लेखक पुण्याचा असावा

संजय सरांनी लाल पेनाचं टोपण दातांत धरलं आणि वहीतली तीच दोन वाक्यं तिसऱ्यांदा वाचली.

'"वज्रनगरीचे वारस" या मालिकेचे लेखन साधे आहे, पण ते पाचही भागांत सारखे आहे. "सात तळ्यांचा तांडा" या मालिकेचे लेखन पहिल्या भागात फार चांगले, दुसऱ्यात बरे आणि तिसऱ्या भागात लेखकाला कंटाळा आल्यासारखे आहे.'

टोपण कडकन वाजलं. सरांनी ते तोंडातून काढून बघितलं, त्याला चीर गेली होती.

रविवारची सकाळ होती. आर्णीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर सर अकरावीच्या प्रकल्पवह्या घेऊन बसले होते. 'आवडत्या कोणत्याही दोन पुस्तकांची तुलना' असा विषय त्यांनीच दिला होता आणि आता त्याची फळं भोगत होते. चौतीस वह्यांपैकी एकोणतीस मुलांना नेमकी तीच दोन पुस्तकं आवडली होती, जी गाइडात होती. त्यातल्या सहा जणांना ती अगदी एकाच शब्दांत आवडली होती. अशा वह्यांवर टिकमार्क करत सर मजेत पुढे सरकत होते आणि तेवढ्यात ही वही आली. वर्षा देवसिंग आडे. मागच्या बाकावरची, कमी बोलणारी, दारव्हा रोडवरच्या तांड्यावरून सायकलने येणारी मुलगी. तिने गाइड उघडलंच नव्हतं. तिने किशोरवयीन मुलं ज्यांच्यावर तुटून पडतात अशा दोन अद्भुत कादंबरीमालिका घेतल्या होत्या आणि त्यांतली वाक्यं अक्षरशः तराजूत घातली होती.

एरवी सर खूश झाले असते. अडचण एवढीच होती की 'सात तळ्यांचा तांडा' लिहिणारे 'मैनाक' म्हणजे ते स्वतः होते. ही गोष्ट सबंध तालुक्यात फक्त एका माणसाला ठाऊक होती आणि ते माणूस या क्षणी आत पोह्यांना फोडणी देत होतं.

टोपणनाव घेतलं होतं ते पहिलं पुस्तक आपटलं तर कुणाला कळू नये म्हणून. आईचं नाव मैनाबाई, त्यावरून मैनाक. पुस्तक आपटलं नाही. पोरांनी ते उचलून धरलं आणि मग सरांना सांगायची लाज वाटू लागली. शिवाय बाकाखाली असली पुस्तकं धरून वाचणाऱ्यांना त्यांनी वर्गात इतक्या वेळा झापलं होतं की आता कोणत्या तोंडानं सांगणार? एकदा तर त्यांनी आयुष नावाच्या मुलाकडून स्वतःच्याच पुस्तकाचा दुसरा भाग जप्त केला होता. आठ दिवस तो कपाटात ठेवून परत देताना, अगदी सहज म्हणून, "कसं आहे रे?" असं विचारलं. आयुष म्हणाला, "मले नाही माहीत सर, ताईचं होय." त्या उत्तराने त्यांचा सगळा दिवस वाया गेला होता.

आतून वनिता पोह्यांची बशी घेऊन आली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"काय झालं वो?"

"ही पोट्टी म्हणते, तिसऱ्या भागात मले कंटाळा आलता."

"मग आलताच ना. रोज तं म्हणत होते तुमी."

"ते मी तुले म्हणत होतो. पुस्तकाले नाही."

"पुस्तकाले बी समजलं असन मग," वनिता म्हणाली आणि बशी वहीशेजारी ठेवून गेली.

सरांनी पुढे वाचलं. वर्षाने नुसती मतं मांडली नव्हती, दाखले दिले होते. 'वज्रनगरी'त लढाई असली की वाक्य आखूड होते आणि लढाई संपली की लांब होते. मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडखळत नाही. त्यातले राजपुत्र सगळे सारखेच बोलतात हा दोष आहे, पण तो पहिल्या पानापासून आहे, त्यामुळे वाचणाऱ्याची फसवणूक होत नाही. 'तांड्या'च्या पहिल्या भागात माणसे बोलायला लागली की डोळे मिटूनही ओळखू येतात. तांड्याचा म्हातारा नायक, म्हणजे प्रमुख, एक वाक्य तीनदा फिरवून बोलतो. मिठाच्या गोणीला तो 'बाई' म्हणतो. रात्री मुक्काम पडला की गोण्यांची भिंत रचून माणसे तिच्या आत झोपतात आणि लेखक ती भिंत अशी रचतो की आपणही आत आहोत असे वाटते.

सरांचा हात नकळत पोह्यांकडे गेला. पोहे छान झाले होते.

'तिसऱ्या भागात मात्र "अचानक" हा शब्द एक्केचाळीस वेळा आला आहे. पहिल्या भागात तो सहा वेळा आहे. तिसऱ्या भागात सगळ्यांचे डोळे चमकतात. बैलांचेही चमकतात. म्हातारा नायक आता भाषण करतो आणि ते टीव्हीवरच्या बातम्यांसारखे वाटते.'

सरांनी घास चावायचा थांबवला. मग उठले, आतल्या खोलीत गेले, धान्याच्या कोठीमागे ठेवलेल्या खोक्यातून तिसरा भाग काढला आणि पेन्सिल घेऊन मोजायला बसले. पाऊण तास लागला. त्रेचाळीस निघाले. पोरीच्या नजरेतून दोन सुटले होते, याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच कीव आली.

कारण कंटाळा आला होता हे खरं होतं. दुसऱ्या भागानंतर पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला होता. वज्रनगरी बघा कशी पळते आहे, जरा वेग घ्या, पोरांना थांबायला आवडत नाही. सरांनी वेग घेतला. घोडे आणले, स्फोट आणले. पुस्तक खपलं, आणि गेले आठ महिने ते चौथ्या, शेवटच्या भागाच्या बाराव्या पानावर अडून बसले होते. मेच्या आत सगळं लिहून हवं, असा निरोप येऊन गेला होता. नायिका रतनी सातवं तळं शोधून परतते, तांड्याच्या कडेला बाभळीपाशी येऊन उभी राहते आणि काही केल्या आत येत नाही. सरांनी तिला संध्याकाळी आणून पाहिलं, पहाटे आणून पाहिलं, जखमी करून आणलं, एकदा तर तिच्याबरोबर गरुड पाठवला. पोरगी बाभळीखालून हलत नव्हती. आता त्यांना रात्री झोपताना साधी, स्पष्ट भीती वाटायची की हे पुस्तक आपल्याच्यानं संपायचं नाही, आणि ज्या पोरांनी तीन भाग जीव लावून वाचले त्यांना आपण मधेच सोडून देणार. वनिताला त्यांनी हे बोलूनही दाखवलं होतं. तिने पाठीवरून हात फिरवला होता, पण त्यावर तिच्याकडे काही उपाय नव्हता.

वहीची शेवटची दोन पानं राहिली होती. 'घर सोडण्याचा प्रसंग: दोन्ही मालिकांतील तुलना', असं शीर्षक देऊन खाली पट्टीने रेघ मारली होती.

'वज्रनगरीचा राजपुत्र घर सोडताना आईच्या पाया पडतो. हे सगळीकडे असते, पण लेखकाने घाई केलेली नाही. "तांड्या"च्या पहिल्या भागात रतनीची मोठी बहीण सोनकी सासरी जाते. ती सहा पाने मी चार वेळा वाचली. आमच्या समाजात पूर्वी मुलगी निघाली की बैलाच्या पाठीवर उभी राहायची, दोन्ही हात वर करायची आणि रडत रडत बापाच्या घराला गाण्यातून आशीर्वाद द्यायची. घर भरलेले राहो, गोठा भरलेला राहो, असा. त्याला हवेली म्हणतात. आता दारात बोलेरो येते, पण माझी दादी बैलावर उभी राहून आली आहे. सोनकी तशीच जाते. लेखकाने तिच्या पायाखालची बैलाची पाठ थरथरते एवढेच लिहिले आहे, ती रडते असे लिहिलेच नाही, आणि मला रडू आले.

'तिसऱ्या भागात रतनी घर सोडते ते अर्ध्या पानात. अचानक ती घोड्यावर उडी मारते, तिचे डोळे चमकतात आणि मागे वळून न पाहता ती धुळीत दिसेनाशी होते. ती लग्न होऊन जात नाही हे मला मान्य आहे. पण घर तर सोडते आहे ना? तांड्यातली मुलगी घराशी बोलल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे ती गेली असे मला वाटलेच नाही. चौथ्या भागात ती परत आली, तर मी विचारीन, ती गेली कधी होती?

'यावरून लेखक पुण्याचा असावा असे वाटते. पहिल्या भागाच्या वेळी तो आमच्या बाजूला येऊन गेला असेल.'

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग एकदम मोठ्याने हसले. आर्णीपासून सहा किलोमीटरवर जन्मलेला हा माणूस उभ्या आयुष्यात चार वेळा पुण्याला गेला होता आणि त्यातल्या एकदा स्वारगेटला रस्ता चुकला होता. वनिता पदराला हात पुसत बाहेर आली.

"आता काहून हसून राह्यले?"

"मी पुण्याचा होय म्हणे."

"अव्वा!" वनिता म्हणाली. "मग सासर माहं पुण्याले झालं."

हसू ओसरलं तसं खालचं वाक्य वर आलं. ती गेली कधी होती? सरांनी वही मांडीवर ठेवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. तुरीच्या तुऱ्हाट्या लादलेला एक ट्रॅक्टर गेला, त्यामागे दोन मोटारसायकली गेल्या. रतनी बाभळीखालून हलत नव्हती, कारण ती तिथून निघालीच नव्हती. आपण तिला अर्ध्या पानात धुळीत लोटून दिलं आणि आता आठ महिने परत ये, परत ये म्हणून हाका मारतो आहोत. पोरगी बिचारी येणार कुठून? सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी थंड झालेले पोहे संपवून आणखी मागितले.

आता प्रश्न होता गुणांचा. वीसपैकी द्यायचे होते. लेखकाच्या हाताने आधी बारा लिहिले. मास्तराच्या हाताने ते खोडून वीस केले. मग वीस म्हणजे अपराधीपणाचे गुण झाले असं वाटून सरांनी तेही खोडलं. शेवटी एकोणीस लिहिले, आणि 'लेखक पुण्याचा असावा' या ओळीखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'पुरावा? अनुमानाला आधार द्यावा. एक गुण वजा.' हे लिहिताना त्यांना जरा जास्तच मजा आली.

सोमवारी तिसऱ्या तासाला वह्या वाटल्या. तास संपल्यावर मुलं बाहेर पडली आणि वर्षा टेबलापाशी येऊन उभी राहिली. वही छातीशी धरलेली, नजर सरांच्या चपलांवर.

"सर, एक मार्क कापला."

"हो. तू लेखक कुठला हे ठरवून टाकलंस, पण सिद्ध केलं नाहीस. बाकी लेखन उत्तम आहे. फार उत्तम आहे."

"पुरावा आहे सर."

"मग लिहायचा ना."

"पण तो उलटा आहे." वर्षाने मान वर केली. "लेखक पुण्याचा नाही, याचा आहे."

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला.

"दिवाळीत मी दादीले पहिला भाग वाचून दाखोत होती," वर्षा म्हणाली. "मिठाच्या गोणीले बाई म्हणते तो म्हातारा आला तं दादी म्हणे, थांब. मंग पुढचं तिनंच सांगतलं. मी पान उलटायच्या आंधी. तळे आटते ते, सोनकी जाते ते, सगळं. म्हणे, हे तं म्या भगवानरावच्या संजूले सांगतलं होतं. कापूस येचाले जाओ तवा."

बाहेर घंटा झाली. चौथ्या तासाची मुलं दारात गोळा होऊ लागली होती. हिवराच्या झाडाची सावली, फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी, चांदीच्या कड्यांचा खणखणाट आणि गोष्ट सांगताना सुद्धा बोंडं साफ करत राहणारी दोन बोटं सरांना आठवली. ते नऊ-दहा वर्षांचे होते आणि वडिलांच्या, भगवानरावांच्या शेतात कापसाची वेचणी चालू असायची. गोष्ट आठवत राहिली, आणि सांगणारीचं नाव मात्र कधी गळून पडलं ते कळलंच नाही. पहिला भाग लिहिताना ते मनापासून समजत होते की हे सगळं आपलंच आहे.

"तुले... तुला दिवाळीपासून माहीत आहे?"

"हो सर."

"कुणाला सांगितलंस?"

"कोणालेच नाही. तुमी नाव नाही टाकलं, म्हणजे काही कारण असन."

"आणि तरी पुण्याचा लिहिलंस?"

वर्षाच्या ओठांवर हसू आलं आणि तिने ते लगेच आवरलं. "तिसऱ्या भागात तुमी आपल्याकडचे राह्यलेच नाही सर. म्हणून लिवलं." मग वही पुढे करत म्हणाली, "मार्क राहू द्या. दादीनं तुमाले बोलावलं आहे, बिजलीबाई नाव तिचं. शनिवारी शाळा सकाळची असते, मंग या म्हणे."

शनिवारपर्यंतचे दिवस सरांनी वनिताला सांगण्यात आणि स्वतःशी वाक्यं जुळवण्यात घालवले. माफी कशी मागायची, याचे त्यांनी चार मसुदे केले. चारही छापील वाटत होते. वनिता म्हणाली, "तुमी फकस्त जा. तोंड उघडलं की काहीतरी निंघनच." आणि तिने पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू भरून दिले.

तांडा रस्त्यापासून आत होता. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशीची पऱ्हाटी, मधून गाडीवाट. देवसिंगच्या घरासमोर सारवलेल्या अंगणात बिजलीबाई सुपात तूर पाखडत बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, हाडं चिवट, हातांत अजून ती कडी होतीच. मोटारसायकल थांबली तशी तिने डोळ्यांवर हात धरला.

"आव, बेस," ती तिच्या बोलीत म्हणाली आणि बाजेकडे बोट केलं. मग मराठीवर आली. "कितीक मोठा झाला गा तू! केस बी पिकले."

सर बाजेवर न बसता तिच्यासमोर खाली बसले. वर्षाने पाणी आणून दिलं आणि उंबऱ्यावर टेकली. सरांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, आणि चारही मसुदे डोक्यातून पसार झाले.

"बिजलीमाय, म्या तुमाले न इचारता लिवलं. तुमचीच गोष्ट होती. पुस्तकात तुमचं नाव बी नाही."

"नाव तं तुहं बी नाही," बिजलीबाई म्हणाली.

उंबऱ्यावर वर्षा तोंडावर ओढणी धरून हसली. सरांना काय करावं कळेना, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

"पुढच्यात टाकतो," ते म्हणाले. "दोघायचं बी."

"टाक नाही तं नको टाकू. गोष्ट काय माही एकटीची होय? माही याडी, माही माय, सांगे मले. माह्या याडीले तिची याडी सांगत असन." सुपातला खडा उचलून तिने बाजूला फेकला. "सोनकीचं तू चांगलं लिवलं. पोरीनं वाचलं तं मले माह्या बापाचं आंगण दिसलं. पण ते घोड्याचं काय होय गा? आपल्या इकडे घोडे कोणापाशी होते?"

"चुकलं माय."

"चुकलंच."

बिजलीबाई पुन्हा तूर पाखडू लागली. लाडवांची पिशवी मधे पडून होती. सरांना फार सुखाचं वाटत होतं. कुणी तरी आपल्याला इतक्या सरळपणे चुकलंच म्हणावं, याची इतकी गरज होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि आता ज्यासाठी आपण खरं तर आलो ते विचारायला हरकत नाही, असं वाटून ते पुढे सरकले.

"माय, मी आठ महिन्यांपासून अडून बसलो आहे. घोड्याचं पान तं छापून गेलं, पण नव्या भागात मी तिले आंधी बरोबर पाठोतो. पण पुढचं मले आठोत नाही. तळं सापडते, ती मिठाची गोणी भरते अन् घराकडे निंघते. मंग शेवटी काय होते? येते का ती परत?"

बिजलीबाईचे हात थांबले. तिने सरांकडे असं बघितलं की त्यांना वाटलं, आपण काही वावगं बोललो.

"मले काय मालूम?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"याडीनं मले इतकंच सांगतलं. गोणी भरली, पोरगी निंघाली. तेवढ्यात याडीले झोप लागे. दिवसभर रानात राबून येत जाय, झोप लागंनच. दुसऱ्या दिवशी म्या पुन्हा पहिल्यापासून सांगाले लावू. पुढचं आयकाचं राहून गेलं, अन् मंग याडीच राह्यली नाही. म्या बी सगळ्यायले तितकीच सांगतली. तुले बी. जेवाची सुट्टी तितकीच राहे, कोणाले शेवट इचाराची सवडच नाही." तिने सूप जमिनीवर ठेवलं. "पोरीनं तुह्यं पुस्तक आणलं तवा म्या म्हणलं, चाला, भगवानरावचा पोरगा शिकला, त्यानं शेवट पाह्यला असन. तीन पुस्तकं म्या त्याच्यासाठी आयकली गा. नाही तं डोळे चमकाचं मले काय करा लागते?"

सरांनी वर्षाकडे बघितलं. वर्षा आता हसत नव्हती. तीही त्यांच्याकडेच बघत होती, दादीसारखीच, आणि त्या दोघींच्या नजरेतून सुटायला अंगणात कुठे जागा नव्हती.

"मले बी नाही माहीत," ते हळूच म्हणाले.

"मंग सांगून पाह्य. सांगता सांगता मालूम पडते." बिजलीबाईने पाय पोटाशी घेतले, कडी मागे सारली आणि गुडघ्यांवर हात ठेवले. "आज माह्यापाशी टाइम आहे. झोप बी नाही येत."

इतक्या वर्षांत सरांनी एकही गोष्ट तोंडाने सांगितली नव्हती. वर्गात ते शिकवत, घरी ते लिहीत. त्यांनी घसा साफ केला. सुरुवात मनात छापील मराठीत आली, ती त्यांनी गिळून टाकली.

"आंधी ती जाते ते सांगतो," ते म्हणाले. "ते राह्यलं आहे. सकाळची येळ. सगळा तांडा गोळा झाला. तिच्या बापानं बैल आणून दारापुढे उभा केला, अन् रतनी त्याच्या पाठीवर चढली."

"कोणता बैल?"

"पांढरा. मोठा."

"रंग नाही इचारला. नाव काय त्याचं?"

सर थांबले. आठ महिने, बारा पानं, एक गरुड, आणि हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"नाव नसलेल्या बैलावर पोरगी कशी उभी राहीन?" बिजलीबाई म्हणाली. "ती हात वर करन अन् तो हालन. तिले त्याच्याशी बोला लागन का नाही?"

सरांनी डोळे मिटले. उन्हात तुरीच्या टरफलांचा वास येत होता. त्यांनी घाई केली नाही, आणि त्यांना कुणी घाई करायला लावलीही नाही. बैल आधी पुसट होता, मग त्याची मान दिसली, मग कपाळावरचे कवड्यांएवढे तपकिरी ठिपके दिसले, आणि ज्याने त्याला लहानपणापासून वाढवलं त्या पोरीने त्याला काय म्हणून हाक मारली असती ते अगदी सरळ कळलं.

"कवड्या," ते म्हणाले.

बिजलीबाईने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, पारखून घेतल्यासारखी मान हलवली आणि भिंतीला टेकून बसली.

"हां," ती म्हणाली. "आता जाऊ दे तिले."